जैनबच्या नाडीवर हात

माजं नाव गोदावरी, पन दवाखान्यात समदे गोदादाईच मनायचे. गाव धारूरच्या डोंगरातलं, पन्नासेक घरांचं, निजामाचं राज व्हतं तवा. लगीन लहानपनीच झालं आन् विशीच्या आतच गाठीच्या तापात मालक गेले, काखंत गाठ आली आन् चौथ्या दिवशी मानूस गेलं, काय सांगू तुमाला, समदं गाव रानात खोपटं घालून राह्यलं व्हतं, तिथंच त्यायला जाळलं. सासरच्यांनी ठिवून घेतलं न्हाई, माहेरी भावजय बोलायची, मंग मी तालुक्याच्या गावाला सरकारी दवाखान्यात लागले, झाडायला, बाळंतिणींचे कपडे उकळायला.

तिथं एक सिस्टरबाई व्हत्या, हैदराबादकडच्या, किरिस्ताव, मराठी मोडकं बोलायच्या. मला लिवता येत न्हाई मनून त्यांनी हातानंच शिकवलं. मनायच्या, गोदा, एक हात तिच्या नाडीवर ठिव आन् एक तुज्या, दोगींची संगं चालली तर बरं, तिची पळाय लागली तर मला हाक मार. आन् मूल झाल्यावर बेंबीखाली हात ठिवून बघायचं, पोटातला गोळा कवठावानी टणक लागला पायजे, मऊ लागला तर समज आत रगत सुटलंय, चोळत ऱ्हा, घट्ट होस्तवर सोडू नको. चादर बघून फसू नको मनायच्या, बाईला हात लाव. लई जीव लावला त्यांनी. पुढच्या साथीत त्याबी गेल्या, आन् सरकारानं दुसरी सिस्टर धाडलीच न्हाई.

तर जैनबचं सांगते. बागवानाची लेक, तिची अम्मा बाजारात सीताफळं, पेरू घिऊन बसायची. पैलटकरीन पोरगी, सतरा-अठराची आसंल, मला खाला मनायची, मावशी मनल्यावानी. दोन दिस कळा दिल्या तिनं, तिसऱ्या दिवशी सकाळी मोकळी झाली, लेक झाली. डाक्टरसाबांनी समदं नीट केलं, खोटं कशाला बोलू, मानूस हुशार व्हता. पन तालुकदारसाबाचा, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचा, मुक्काम जवळ पडला व्हता, तिकडून बोलावनं आलं. मंग त्यांनी जैनबला झोपंचं औषीद टोचलं आन् मला मनले, दो दिन की थकी है, सोने दो उसको, हात मत लगाना. घोडा आला, गेले.

मी बाजूला बसले. चादर कोरडी. कंपाउंडर एकदा डोकावून गेला, मनला, झोपली, बरं झालं. पन मला कसंतरीच वाटाय लागलं. पोरगी झोपेत सारखी जांभया द्यायची. व्हट पांढरे पडले व्हते. एकदा डोळे उघडून मनली, खाला, पानी. दिलं. पुन्ना मनली, पानी. कपाळाला हात लावला तर गार घाम. मंग मी एक हात तिच्या नाडीवर ठिवला, एक माज्या. माजी एक पडायची तवर तिच्या दोन पडत व्हत्या, त्याबी बारीक, दोऱ्यावानी.

मी उठून कंपाउंडरकडं गेले. मनलं, साब, जैनबचं लक्षन बरं न्हाई, नाडी पळतीय, पोट बघू का. त्यानं वर बघितलं न्हाई. मनला, तू झाडायला हायेस का डाक्टर हायेस? नाडी कावून धरली? हात लावू नको मनून हुकूम झालाय ना? पोरीला काय झालं तर तुजं नाव सांगीन.

आन् मी गप बसले. ऐका, मी माघारी येऊन गप बसले. हात तिच्या पोटापासून वितीवर व्हता माजा. बघितलं आसतं तर मऊ लागलं आसतं, चोळलं आसतं तर कदाचित थांबलं आसतं, हे मला ठावं व्हतं, न्हाई ठावं असं न्हाई. नोकरी गेली तर कुटं जाऊ, एवढंच डोक्यात. चुलीवर भात शिजंल एवढा येळ मी तशी बसले. मंग आत साठलेलं रगत एकदम आलं, गादीतून खाली फरशीवर. मी वरडले, पोट चोळाय लागले, कंपाउंडर पळत आला. पन तिच्या अंगात कायबी उरलं नव्हतं. मनली, खाला, लई थंडी वाजतीय. तेवढंच मनली.

डाक्टरसाब दिस मावळता आले, कागदावर कमजोरी लिवलं. कंपाउंडर मला मनला, इचारलं तर सांग, झोपेतच गेली.

अम्मा माज्यापुढं येऊन हुबी राह्यली. तू बसली व्हतीस ना, मनली, काय झालं माज्या लेकीला? मी समदं सांगितलं. आत रगत सुटलं व्हतं, मला कळलं व्हतं, एकदा सांगितलं, दटावल्यावर मी गप बसले. तिनं माज्या थोबाडीत मारली. मी हाललेबी न्हाई. मंग नातीला पदरात घेतलं आन् गेली. डाक्टरसाबांच्या कानावर गेलंच. लई शिव्या दिल्या, पन काढलं न्हाई, घान धुवायला दुसरी कोन मिळनार व्हती?

दोन सालांनी अम्मा दवाखान्याच्या दारात आली, संगं धाकटी लेक, नववा महिना. मला वाटलं आता ही डाक्टरसाबांशी बोलंल. तर माज्याचकडं आली. मनली, तू खोटं बोलली न्हाईस, मनून हिला हितं आनलं. ह्या टायमाला गप बसू नको.

मी बसले न्हाई. त्या पोरीला दुपारी लेक झाला, आन् मी जो हात तिच्या पोटावर ठिवला तो दिस कलंस्तवर काढला न्हाई. कंपाउंडर मनला, दाई, बास कर. मी मनलं, तुमी डाक्टरसाबांना सांगा, काढा मनावं मला, हात न्हाई काढनार. अम्मा भिंतीला टेकून बघत व्हती. आन् कायबी झालं न्हाई. गोळा टणक राह्यला, पोरगी जेवली, झोपली, चौथ्या दिवशी घरी गेली. तुमाला वाटंल ह्यात सांगन्यासारखं काय हाय. पन आमच्या कामात कायबी न झालेला दिस हाच चांगला दिस आसतोय.

त्याच्या पुढं मी लई बाळंतपनं बघितली. वरडायची सवय लागली ती लागलीच, डाक्टर बदलत गेले, समदे मला भांडखोर मनायचे, मनू द्या. तरीबी काही गेल्याच, समद्या कुटं वाचत्यात.

आता डोळ्यानं दिसत न्हाई मला, हातबी थरथरतोय. आता सरकार बदललं, शिकलेल्या पोरी येत्यात, छातीला घड्याळ आसतंय त्यांच्या. परवा एक आली व्हती भेटाय, मनली, आजी, चुकीचं दिसतं पन बोलायला भ्या वाटतंय, साहेब रागावत्यात. मी तिचा हात धरला, मनलं, बाय माजे, रागवू दे. साहेबाचा राग दोन दिसांत जातोय. देव करो आन् तू गप बसलीस मनून तुज्या हातून कुनी न जावो. माज्या हातून गेली.