ऑस्करले आवाज चालत नाही

म्हने बोलू नोका. मले, टेकचंदले म्हने बोलू नोका. ज्या मानसानं एकोडीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, अठरा वर्षं भोंग्यावर पुकारलं, ‘कोनाची चप्पल हरवली असन त स्टेजजवळ या’, त्याले म्हने कुत्र्यासमोर तोंड उघडू नोका. आता तुमीच सांगा जी, मानसानं बोलू नाही त करावं काय?

कुत्रा मी मांगितला नव्हता. माही पोरगी मोनिका, तिची नागपूरवरून पुन्याले बदली झाली, तिथं तिसऱ्या माळ्यावर घर, त म्हने, ‘बाबा, ऑस्करले तुमी ठेवा, मेंढ्या वळाच्या जातीचा हाय, लय समजदार हाय.’ समजदार... गाडीतून उतरला, दोराले हिसका देल्ला, माही बायको विजयमाला अंगनात आडवी, अन् हा सरळ शेजारच्या कवडूच्या बकऱ्यायमांगं. मी मांगून वरडतो, ‘ऑस्कर, थांब रे बापा, ऑस्कर’, अन् मी जेवढा वरडतो तेवढा तो जोरानं धावते. त्याले वाटते, मालक बी खेळून राहिला. एक गाभन बकरी नहरात पडली. कवडूनं छातीभर पान्यात उतरून काढली, वाचली बिचारी. पन कवडू तसाच वला माह्या दारात आला अन् हळूच म्हने, ‘भाऊ, पुढच्या बारीले हा माह्या बकऱ्यायमांगं दिसला त मी काठी घालीन. मंग वाईट वाटून घेऊ नोका.’

विजयमाला कोपर चोळत म्हने, ‘पोरीले काय सांगाचं?’ मी म्हनलो, ‘थांब, मी शिकवतो याले.’

मोबाईलवर पाहून बिस्किटं चारले. ऑस्कर बिस्किट खाये अन् मंग धावे. शेवटी कोनीतरी सांगतलं, सानगडीच्या देवकाबाईकडं जा. बाई साठीच्या वरची, पन्नास बकऱ्या, दोन गावठी कुत्रे. बाई तळ्याच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, बसून राह्यते अन् कुत्रे अख्खा कळप वळून आनतेत, बाई खोकलत बी नाही. मी गेलो, पयल्यापासून सारं सांगतलं, नागपूर, पुना, तिसरा माळा, बिस्किट... बाईनं ऐकलं, कुत्र्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, ‘भाऊ, तू येवढा बोलून राहिला, यातलं यानं कोनतं ऐकावं?’

तुमीच सांगा, मानसानं बोलू नाही त करावं काय?

बाईनं ऑस्करले लांब दोर लावला. तो बकऱ्यायकडं झेपावला. बाईनं ना दोर ओढला, ना हाकललं, नुसती चालत जाऊन त्याच्या वाटेत आडवी उभी. तो डावीकडं, बाई डावीकडं. तो उजवीकडं, बाई उजवीकडं. थकून थांबला, त बाई दोन पावलं मांगं सरकली, वाट मोकळी. पुन्हा झेपावला, पुन्हा आडवी. मले म्हने, ‘घाई केली त वाट बंद, थंडा झाला त वाट मोकळी. त्याले बकऱ्या पायजेत गा, बिस्किट कायले देतं?’ तासाभरानं ऑस्कर गवतात आपल्या मनानं बसला, तवा कुठं बाई हळूच म्हने, ‘बस.’ आधी त्याले करू द्याचं, मंग त्या कामाचं नाव सांगाचं.

मंग माही पाळी. वाटेत आडवा उभा झालो, ऑस्कर थांबला, अन् मी म्हनलो, ‘बस, अरे बस म्हनलं न, बसतं का नाही?’ झालं, दोर घेऊन गेला तळ्याकडं. बाई पाळीवरून म्हने, ‘एकच शब्द.’ मी म्हनलो, ‘बाई, एकच त म्हनलो.’ बाईनं एक सुपारी काढून माह्या हातावर ठेवली. वीस दिवस गेलो जी, तोंडात सुपारी धरून.

एकविसाव्या दिवशी नहराच्या काठानं येऊन राहिलो, दोर विजयमालाच्या हातात, अन् समोरून कवडूच्या बकऱ्या. तीच बकरी, आता संगं दोन पिल्लं, अन् एक पिल्लू पार पान्याजवळ. विजयमालाचा दुखरा हात, दोर सुटला. कवडूनं काठी उचलली. माही हाक नरड्यापर्यंत आली... जिंदगीत येवढा मोठा घास गिळला नाही मी. चालत गेलो, मधात आडवा झालो अन् हळूच म्हनलो, ‘बस.’

बसला. कवडूची काठी वरच्या वर.

मी दोन पावलं मांगं सरकलो. ऑस्कर उठला, लांबून फेरा मारून पान्याच्या बाजूनं गेला, पिल्लाले पाऊल पाऊल वळवलं अन् कवडूच्या पायाजवळ आनून उभं केलं. विजयमाला डोळे पुसाले लागली. कवडू काठी खाली ठेवून म्हने, ‘भाऊ, उद्या सकाळी याले धाडता काय? माह्या बकऱ्या रोज नहराकडंच जातेत.’

आता तो रोज जाते. पोरीले फोटो धाडला. सारं बेस झालं.

पन मांगच्या आठवड्यात सानगडीच्या बाजारात भेटली देवकाबाई. कवडू सगळ्यायच्या समोर इचारते, ‘बाई, कुत्र्याले शिकवाले वीस दिवस लागले काय?’ बाई म्हने, ‘नाही गा, कुत्रा त दुसऱ्याच दिवशी शिकला. बाकीचे दिवस टेकचंदसाठी.’ अख्खा बाजार हासला. माह्याजवळ असं उत्तर होतं जी, असं उत्तर... मी तोंड उघडलं, त पायाजवळ ऑस्करचे कान उभे झाले, अर्धा उठला. मी तोंड मिटलं. तो बसला.

म्हनून आज त्याले घरी ठेवून आलो. नाही त येवढं तुमाले सांगनं बी जमलं नसतं.