बाथरूमच्या दाराबाहेर चाळीस मिनिटं

मी, खाली सही करणारा, वय ६१ वर्षे, धंदा कुलूपदुरुस्ती व किल्ल्या बनवणे, राहणार बाजारपेठेत घड्याळजीच्या दुकानावरचा माळा, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. अडतीस वर्षं हाच धंदा करतो. आजवर पोलिसांनी मला बोलावलं ते कुणाचं तरी दार उघडून द्यायला. स्वतःच्या करणीबद्दल सांगायची ही पहिलीच वेळ.

हवापालट म्हणून मी, पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ असे तिघं परवा, शनिवारी, या तळ्याकाठच्या वसाहतीत आलो. इथे पाण्याकडे तोंड करून एकाच साच्यातल्या बावीस लाकडी खोल्या आहेत, होड्यांचे दोन धक्के आहेत, एक चहाचं दुकान आहे. आमची खोली खालच्या धक्क्यापासून चौथी. मेव्हणा पहिल्यापासून मस्करीखोर. काल सकाळी तो तासभर बाथरूममध्ये बसला आणि मी दार वाजवलं की आतून तेवढ्याच टकटका परत करायचा. मी फार चिडलो. पत्नी म्हणाली, "अहो, लहान आहे तो." तो त्रेपन्न वर्षांचा आहे.

त्यानंतर मी व पत्नी होडीने पलीकडची टेकडी बघायला गेलो. मेव्हणा झोपतो म्हणून खोलीवरच राहिला. बाराच्या सुमारास परत आलो तेव्हा खालच्या धक्क्यावर गर्दी होती, म्हणून होडीवाल्याने आम्हाला वरच्या धक्क्यावर उतरवलं. धक्का दुसरा आहे हे मला दिसत होतं, डोक्यात शिरलं नाही. पत्नी चहाच्या दुकानाशी थांबली. मी सवयीने चार दारं मोजली आणि किल्ली लावली. ती फिरेना.

दुसरा कोणी असता तर दार चुकलं असं समजला असता. मी समजलो, कुलूप बिघडलं. खिशातली तार घातली आणि मिनिटभरात दार उघडलं. कुलूप किती भिकार आहे यावर मोठ्याने दोन शब्द बोललोही. तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आत पलंगाशी एक काठी होती. माझ्या गुडघ्याची थट्टा करायला मेव्हण्याने विकत आणली असणार, असं मला वाटलं. बाथरूमचं दार आतून बंद होतं. आतून तीन टकटका आल्या. मी म्हणालो, "झालं का सुरू पुन्हा? बाहेर ये." परत तीन आल्या. मीही तीन मारल्या, जोरात. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. मी म्हणालो, "नाटकं पुरे."

मग मी पलंगावर पाय लांब करून पडलो. टेबलावरची दोन केळी खाल्ली. तीही आमची नव्हती, पण भुकेला शेजार कळत नाही. मधूनमधून आतून टकटक यायची, मी उठून उलट वाजवायचो. असं आठ-नऊ वेळा झालं. पुढे आतला आवाज बारीक होत गेला. मला वाटलं, दमला एकदाचा, आणि मला बरं वाटलं. हे मी कुणी न विचारता सांगतो आहे.

बारा पन्नासला खिडकीतून बाहेर पाहिलं. मेव्हणा पाण्यात पायडलच्या होडीत बसला होता. डोक्यावर माझी टोपी. मला पाहून त्याने हात हलवला आणि ओरडला, "दाजी, तिथे कुणाच्या घरात घुसलात?"

बाथरूमची कडी मी पातळ पट्टीने अर्ध्या मिनिटात सरकवली. काम तेवढंच होतं. आत सत्तरीपुढचे एक गृहस्थ ओल्या फरशीवर पडले होते, हातात साबणाच्या डबीचं झाकण. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला तो दवाखान्याच्या गाडीपर्यंत सोडला नाही. मेव्हणा आणि होडीवाला यांनी त्यांना उचललं. मेव्हणा तेव्हापासून एकदाही मस्करीत बोललेला नाही. या प्रकरणात त्याचा काही दोष नाही.

त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आहे. आज सकाळी ऑपरेशन झालं, अजून शुद्ध आलेली नाही. चाळीस मिनिटांनी फरक पडला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आता ते बोलून काय उपयोग?"

त्यांची मुलगी काल दुपारी आली. कुलूप उघडल्याबद्दल तिची तक्रार नाही. आज ती मला म्हणाली, "काका, ऑपरेशनला आत नेण्याआधी बाबांना थोडं बोलता आलं. म्हणाले, बाहेर कुणीतरी होतं. मी वाजवलं की तेही वाजवायचे, म्हणून मी धीर सोडला नाही." असं म्हणून तिने माझे दोन्ही हात धरले. खरं काय ते मला तिला सांगता आलं नाही. एरवी माझं तोंड बंद करायला कुलूप कमी पडतं. म्हणून इथे सांगतो आहे. या जबाबाची एक प्रत तिला द्यावी.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात त्यांनी "आतील इसमास धीर देण्यासाठी दार वाजवले" असं लिहिलं होतं. "राहू द्या की, सगळ्यांचंच बरं होईल," असं ते म्हणाले. मी ते खोडायला लावून "चिडून वाजवले" असं लिहून घेतलं आहे. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.