टाचण्यांचं वाक्य

—काय म्हणालीस? ‘टाचण्या’ काढून तिथं ‘काळाचे काटे’? बस आधी, बस, उसवलेली कड शिवते — हो, बसूनच, मी उभ्या बाईला सुई लावत नाही, शिंपी हसतो मला, हसू दे — आणि हे डोकं कुणाचं, दिग्दर्शकाचं? त्याला सांग, कपडेवाली म्हातारी अंगठेबहाद्दर आहे, पण चाळीस वर्षं विंगेत उभी आहे, हे नाटक तिला तुमच्याहून जास्त पाठ आहे. शोकाच्या जागी वजनदार शब्द हवा म्हणे! अगं, वजनदार शब्द आला की लोक खोकतात. पूर्वी तिथं तसलंच होतं — ‘हे क्रूर नियती, माझी कळी खुडलीस’ — तुझ्याआधीची बाई छाती पिटून म्हणायची, आणि तिसऱ्या रांगेत गोळ्यांचे कागद चुरचुरायचे.

मग लेखक इथंच बसला डोकं धरून. म्हणतो, मावशी, मेलेल्या लेकीपाशी आई काय बोलते हो? त्याला काय माहीत, कुणाला विचारतोय! बोलून गेले मी — ‘थांबा, टाचण्या काढू द्या. टोचतील तिला.’ त्यानं लिहून घेतलं. आणि हुशार खरा, पहिल्याच अंकात पेरून ठेवलं — आई लेकीच्या झग्याची कड टाचतेय, लेक ‘टोचलं गं’ म्हणून उड्या मारतेय, लोक हसताहेत. त्याच टाचण्या शेवटी निघतात तेव्हा बघ विंगेतून, कुणी हलत नाही. का? काटे काय, कुणालाही टोचतात. टाचण्या त्या लेकीच्या असतात, मघाशी हसलेलो असतो आपण त्यांना —

काय? माझी लेक? हो... माझीच. ठेंगी म्हणायचो घरात, कुठलाही झगा तिला लांबच. एकोणीस वर्षांची. दुसऱ्या दिवसापासून नोकरी, म्हणून नवा झगा — स्टुलावर उभी केली, खाली बसून मी कड टाचत होते, अर्धी झाली नि पडली. हृदय जन्मापासून अधू होतं म्हणे, डॉक्टर नंतर म्हणाले, नंतर सगळेच हुशार. शेजारी उचलायला आले तेव्हा मी ते वाक्य बोलले. त्यांना वाटलं, बाईला वेड लागलं. एकेक काढली. एकवीस होत्या.

लेखकाला ते वाक्य तेवढं सांगितलं. त्याआधीचं नाही. त्याआधी ती म्हणाली होती, ‘आई, बसू का गं जरा? डोळ्यांपुढे अंधारी येतेय.’ दोनदा म्हणाली. आणि मी — तोंडात टाचण्या ना — दातांतूनच म्हणाले, ‘नाटकं करू नकोस. उभी राहा सरळ.’

...डोळे पुसू नकोस, रंग उतरेल. आणि बाहेर बोलू नकोस, नाहीतर तो शहाणा लेखक हेही घालेल नाटकात. तू आपली आहे तेच म्हण, हळू म्हण, बाईला खरंच वाटतंय की टोचतील — असं. घंटा झाली? होऊ दे, दोन टाके राहिलेत. उठलीस कशाला?

बस. बस म्हणते ना.