फेनिटच्या किनाऱ्यावरची दगडी माणसं

(आयर्लंडमधल्या ट्रली गावाजवळ फेनिटचा खडकाळ किनारा. रविवारची दुपार.)

विनय : म्हणजे मलिंगारच्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र बुधवारी आलं आणि बायकोने मला सांगितलं आज. तेही गाडी पार्क केल्यावर.

उल्का : बुधवारपासून घरात जागी किती वेळ होते मी? काल तर मोज्यांसकट झोपले.

विनय : भांडत नाहीये. विचारतोय. घेतेयस ती पोस्ट?

उल्का : जुलैत इथलं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. तिकडे दोन वर्षं देतायत. दुसरं काय आहे हातात?

विनय : कॉर्क, स्लायगो, ट्रली. दर वेळी खोकी मी बांधली, एकदा तरी कुरकुरलो? पण आत्ता कुठे माझ्या जेवणाच्या डब्यांच्या धंद्याचं बस्तान बसलंय गं. बाजारात लोक मला 'युअर मॅन विथ द थालीपीठ' म्हणायला लागलेत, तो थालीपीठवाला!

उल्का : हळू. स्वरांगी पुढेच आहे.

स्वरांगी : आई! बाबा! लवकर या! दगडांचे लोक आहेत इथे!

विनय : अरेच्चा, पाच आहेत की. पाय, हात, डोकं... चिकटवलेलंही नाही काही, नुसते एकावर एक.

स्वरांगी : हे इनुक्शुक आहेत. आम्हाला शाळेत होतं. इनुइट लोक असतात ना, पार वर, बर्फात? तिथे सगळं सेम दिसतं. मग ते असे दगड उभे करतात. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं, इकडून जायचं.

उल्का : आणि इथे कोणी केले?

स्वरांगी : आय डोन्ट नो. मी पण करू एक?

उल्का : कर. मी बसते या खडकावर. सांभाळून, बोट चेंगरेल.

स्वरांगी : आई, मलिंगारला समुद्र नाहीये ना?

उल्का : तुला कोणी सांगितलं?

स्वरांगी : लेटर किचनच्या प्रेसमध्ये, आय मीन कपाटात होतं, कपांच्या मागे. इट्स ग्रँड. मला चालेल.

विनय : चालेल? आणि मैत्रिणी?

स्वरांगी : इथे केलीच नाही मी. स्लायगोला माझ्या बेस्ट फ्रेंडला, क्लोडाला, सोडून येताना मी खूप रडले होते. सो, इथे कोणाशी जास्त बोलायचंच नाही असं ठरवलं. इट्स ईझिअर.

विनय : उल्का...

उल्का : ऐकलं मी.

विनय : घे, पाणी पी जरा.

उल्का : वर्षभर एकटी बसून जेवली असेल ही शाळेत. आणि मी घरी आल्यावर काय विचारायचे, तर भात संपवलास का.

विनय : मलाही कुठे कळलं?

उल्का : ऐक. पोस्ट मी घेते. तुम्ही दोघं इथेच राहा. मी तिकडे एक खोली बघते, सुट्टीला येत जाईन.

विनय : एवढ्या ड्यूट्या करून वर साडेतीन तास गाडी चालवणार? वेडी आहेस का?

उल्का : ट्रेनने येईन. तेवढीच झोप.

विनय : मला हे अजिबात आवडलेलं नाही, सांगून ठेवतो.

उल्का : मला तरी कुठे आवडलंय?

स्वरांगी : वेट. म्हणजे मी नाही जायचं?

उल्का : नाही. तू इथेच. हीच शाळा.

स्वरांगी : नक्की?

उल्का : नक्की.

स्वरांगी : माझ्या वर्गात एक ईफा आहे. तिचा बर्थडे ऑगस्टमध्ये असतो. तिने विचारलं होतं, येशील का. मी काही बोललेच नाही. आता येते म्हणून सांगू?

उल्का : सांग.