सोयरीक मोडायला लेहला

माझा मेहुणा पोलादपूरच्या डोंगरवाडीतला. त्याच्या मुलीने, स्नेहलने, लडाखचा मुलगा पसंत केला, तेव्हा नकार द्यायला तो थेट लेहला निघाला. माझी बायको हयात असती तर भावासोबत तीच गेली असती. म्हणून मी गेलो.

मुलाच्या घराच्या जिन्यातच मेहुणा धापा टाकत बसला. मुलाची आजी मात्र भरलेली घागर घेऊन त्याच्या शेजारून वर गेली.

“म्हातारी दमत कशी नाय गो?”

आमच्यासोबत आलेली स्नेहल म्हणाली, “बाबा, हजारो वर्षांपूर्वी यांच्या पूर्वजांची वेगळ्याच मानवांशी सोयरीक झाली. ते मानव आता नामशेष झालेत, पण विरळ हवेत तगायचं जनुक त्यांच्याकडूनच आलंय.”

“म्हंजे जात सोड, माणूसच वेगळा चालवून घेतला?”

“हो.”

मेहुणा दम खाऊन म्हणाला, “मग तारीख काढा. पण लग्न महाडला. हितं मला अक्षतापण टाकवणार नायत.”