मास्तरांची कवळी

—नाही, नाही, जीभ आत ठेवा आणि श्वास नाकानं घ्या, काही होत नाही. खालचं माप झालंय, हे वरचं शेवटचं. चार मिनिटं हा साचा मी असाच दाबून धरणार आणि चार मिनिटं तुम्ही बोलायचं नाही — आणि बाहेर बाकावर त्या आजोबांशी तुमचं जे चाललं होतं ना, कोण चोर आणि कोणी देश विकला, ते ऐकून वाटतं, चार मिनिटं जड जाणार तुम्हाला. हसू नका, माप बिघडेल. आणि आधीच सांगून ठेवते, कवळी हातात पडायला महिना लागेल. आमचा कारागीर गेला काम सोडून, आता सगळं बाहेरून करून घ्यावं लागतं. बाहेर भिंतीवर खिळे दिसले का? तिथे टीव्ही होता. मीच काढला. का म्हणाल? सांगते की, तुम्ही कुठे पळून जाताय.

ती चर्चा बघितली असेल ना तुम्ही — मतदानाच्या आधीची, दोघं उमेदवार समोरासमोर? सगळ्या देशानं बघितली. त्यातले ते म्हातारे, ते माझे मास्तर. शाळेतले, गणिताचे. त्यांची कवळी मी केली, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत. मागच्या दारानं यायचे बिचारे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाळ, हे तुझ्यामाझ्यात राहू दे. ही माणसं हल्ली कशाचंही हसं करतात." मी म्हटलं, मास्तर, हे काय सांगायला हवं मला? पन्नाशी उलटली माझी, पण त्यांच्यासाठी अजून बाळच. मग पहिल्यांदा कवळी बसवली, ते भाषणाचा सराव करायला लागले, 'सर्वसामान्य' म्हणायला गेले आणि खालची कवळी उडून थेट माझ्या मांडीवर. दोघंही इतके हसलो, डोळ्यांतून पाणी आलं. साधा माणूस हो. त्यांच्याच पक्षाची पोरं त्या दुसऱ्याच्या संसाराची कसली कसली कुलंगडी घेऊन आली होती, हे बोला, ते बोला — मास्तर म्हणाले, मी नाही बोलणार. तर त्यांचीच माणसं त्यांना नेभळट म्हणायला लागली.

जबडा सैल सोडा. हं, अस्सं.

आता माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, मी वाढवला त्याला, त्याच्या डब्यापासून कॉलेजपर्यंत. तो त्या दुसऱ्या उमेदवाराकडे, भाषणांतले टोमणे लिहायला. हो, त्याचा पगार मिळतो. लोक टाळ्या वाजवतात ना, ती वाक्यं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची. त्या निवडणुकीपायी आम्ही इतके भांडलो की जेवताना एकमेकांकडे बघायचो नाही — सहा महिने घरात कोणी हसलं नव्हतं. आणि एक दिवस तो दमून आला, पानावर नुसताच बसून राहिला. वाटलं, हसवावं याला. म्हणून ते मांडीवर उडालेल्या कवळीचं सांगितलं. एवढंच हो, भावाला हसवायला. आणि हसला तो, ठसका लागेपर्यंत हसला, मी पाठीवरून हात फिरवला, मला वाटलं माझा भाऊ परत आला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. भर चर्चेत त्या दुसऱ्या उमेदवारानं खिशातून चावीची खेळण्यातली कवळी काढली, टेबलावर ठेवली, ती टकटक टकटक करत मास्तरांच्या दिशेनं निघाली, आणि हा म्हणतो, "मास्तर, जरा 'सर्वसामान्य' म्हणून दाखवा." सभागृह लोळायचं बाकी राहिलं. तो शब्द — तो शब्द तिघांनाच माहीत होता. मास्तरांनी स्वतःची कवळी काढली, त्या खेळण्याशेजारी ठेवली आणि उरलेलं भाषण तसंच केलं, बोळक्या तोंडानं. एक अक्षर कुणाला कळलं नाही. मला कळत होतं. ते भाषण मी इथे दहा वेळा ऐकलं होतं. मग टीव्हीवर रोज तेच दाखवायला लागले, बाहेर पेशंट हसायचे — म्हणून काढला तो.

घरी येऊन धाकटा म्हणतो कसा, "ताई, मनाला लावून घेऊ नकोस, निवडणूक आहे. आणि पहिली तूच हसली होतीस ना?" माझ्या ताटावरची गोष्ट उचलून यानं चव्हाट्यावर मांडली आणि वर मलाच ऐकवतो. त्या दिवसापासून बोलत नाही मी त्याच्याशी. सख्ख्या भावानं गळा कापला माझा, दुसरं काय म्हणायचं याला?

मास्तर? आले की. मतमोजणीनंतर, हरल्यावर. कवळीची डबी इथे ठेवली, म्हणाले, आता नको बाळ, कुठे बोलायचंय मला. आणि दारातून मागे वळले. "कुणाला सांगितलं होतंस का गं?" रागानं नाही, गणित कुठे चुकलं असं विचारायचे तसं. आणि मी — माझ्या तोंडून निघून गेलं, मी नाही मास्तर, कारागीर मागच्या खोलीत असतो, त्यानं ऐकलं असेल. मास्तर म्हणाले, "बरं. त्याला रागावू नकोस, असतात माणसं अशी." आता सांगा, असं बोलून बसल्यावर त्याला ठेवणार कसा? मास्तर कधी आले आणि तो दिसला तर? अठरा वर्षं होता. मशीन चालू असलं की त्याला शेजारी बोललेलं ऐकू यायचं नाही. नुसतं विचारलं त्यानं, मॅडम, माझं काय चुकलं? मी म्हटलं, तुझं तुला माहीत आहे. हत्यारं टॉवेलात गुंडाळली आणि गेला.

हे मी तुम्हाला का सांगतेय? झाली चार मिनिटं. कधीच झाली असतील. आ करा, मोठा — निघालं. छान आलंय माप. चूळ भरा, थुंका तिकडे. तोंड पुसा.

काय म्हणालात?

…नाही. कुणाला सांगत नाही, तुम्ही कवळी लावताय ते. माझ्या पोटातच राहील.

उठा आता. बाहेर आजोबा थांबलेत.