नखांतला किरमिजी

बेर्ता : राख संपली, नोरा. लिंबू घासलं, आंबलेली वाइन घासली. तुझ्या बापाच्या हातांचा रंग काही उतरत नाही. आणि नखांतला तर बघ, हलायचं नाव नाही.

दियानोरा : राहू दे, आत्या. जिवंत होते तेव्हा निघाला नाही, आता निघणार आहे का?

बेर्ता : अगं, लोक बघतील. चर्चपर्यंत उघड्या फळीवर न्यायचाय त्याला.

दियानोरा : बघू देत. म्हणून तर बाबांना आईने शिवलेला अंगरखा घातलाय.

बेर्ता : त्याचाच तर घोर लागलाय मला. रंगाऱ्याच्या अंगावर किरमिजी, तोही भर रस्त्यातून! सगळ्या फ्लोरेन्सभर बोभाटा होईल. ऐक, दार वाजलं. सांगत होते ना!

नेल्लो : येऊ का आत? मी सेर नेल्लो, नगरसभेकडून. देव बाल्दोंच्या आत्म्याला शांती देवो.

बेर्ता : या, सेर नेल्लो, बसा. घोटभर वाइन घेता? चांगली आहे, आंबलेली नाही.

नेल्लो : नको, आत्याबाई. खाली कोणीतरी म्हणालं म्हणून आलो. म्हणजे खरंच आहे तर. मुली, हे अंगावरून काढावं लागेल.

दियानोरा : का?

नेल्लो : कायदा आहे. किरमिजी सरदारांचा, न्यायाधीशांचा, वैद्यांचा. कारागिराने करडा नाहीतर तपकिरी घालायचा. मेल्यावरही तेच.

दियानोरा : आणि न्यायाधीशांच्या अंगावर किरमिजी येतो कुठून? झाडाला लागतो?

नेल्लो : लागतो ना. ओकच्या झाडाला. दाणे असतात म्हणे.

दियानोरा : दाणे लागतात, सेर नेल्लो. झगे लागत नाहीत.

बेर्ता : नोरा, जरा हळू. ते पाहुणे आहेत.

दियानोरा : पाहुणे नाहीत, आत्या. पाहुणा मेलेल्याच्या अंगावरचं काढा म्हणत नाही.

नेल्लो : हे बघ, रस्त्यातून जाणारा माणूस कोण आहे, ते लांबून कळायला हवं. त्यासाठीच हे सगळं आहे.

दियानोरा : कळेल की. लोकांच्या खांद्यावर आडवा असेल, तो मेलेला. आता जवळ या. या ना! हा कोपराजवळचा तुकडा दिसतो? तुमच्या मोठ्या न्यायाधीशांच्या झग्याचा आहे. अख्खं कापड हंड्यात सोडण्याआधी वीतभर तुकडा बुडवून बघतात. तो तुकडा रंगाऱ्याचा, ही रीत आहे. गळ्याशी वैद्य आहेत. पाठीवर एक अख्खा सरदार आहे. आईने जन्मभर ते जोडले. बाबांनी घातला तोही घरात, दार लावून.

नेल्लो : घरात कोणी काही म्हटलं नसतं.

दियानोरा : मोठे उपकार! परवा ताप चढला तेव्हा म्हणाले, ‘आता तरी उघड्यावर घालशील ना गं मला?’ मी हो म्हणाले.

बेर्ता : तिच्यासमोरच गेला हो. माझ्या भावाने कधी तुमच्या नगरसभेपुढे मान वर केली नाही. एक अंगरखा तेवढा मागितला.

नेल्लो : मीही काही राक्षस नाही, आत्याबाई. माझे वडीलही याच वर्षी गेले. असं करू. मंजिष्ठेचा लाल कारागिराला चालतो, स्वस्तातला आहे तो. माझ्या डोळ्यांना सगळे लाल सारखेच. तुम्ही म्हणा की ही मंजिष्ठ आहे. मी निघालो.

बेर्ता : मंजिष्ठच आहे! मेरीची शपथ, मंजिष्ठ!

दियानोरा : आत्या!

नेल्लो : आत्याबाईंचं नाही चालणार. वारस लेक आहे, तिने म्हणायला हवं.

बेर्ता : म्हण, पोरी. एका शब्दाचं तर काम आहे.

दियानोरा : कसं म्हणू? किरमिजीचा हंडा लावणारा बायबलवर हात ठेवतो, मंजिष्ठ उंबऱ्याच्या आत घेणार नाही म्हणून. गल्लीतून मंजिष्ठेची गाडी गेली तर बाबा खिडकी ओढून घ्यायचे, विसरलीस? हे तुकडे मंजिष्ठेचे, तर ते झगेही मंजिष्ठेचे. म्हणजे बाल्दो रंगारी अख्ख्या शहराला फसवून मेला.

बेर्ता : तो गेलाय गं! त्याला काय ऐकू येतंय?

दियानोरा : खिडकीखाली उभ्या असलेल्यांना येतंय. सगळे रंगारीच आहेत.

नेल्लो : मला यापलीकडे काही करता येत नाही.

दियानोरा : बरंच केलंत. मी खोटं बोलले तर बाबांचं नाव जाणार, खरं बोलले तर अंगरखा. आणि वर तुम्ही दयाळू! बाबांनी रंगवलेलं अंगावर मिरवायला तुम्हा लोकांना लाज नाही वाटत. त्यांच्या अंगावर दिसलं की तेवढा कायदा आठवतो.

नेल्लो : मी काळाच घालतो, मुली.

दियानोरा : हो. किरमिजी तुम्हालाही नाहीच मिळत.

(दियानोरा वडिलांच्या गळ्याशी असलेली गाठ सोडू लागते.)

बेर्ता : नोरा, काय करतेस?

दियानोरा : करडा आण, आत्या. कामावरचा.

बेर्ता : त्याच्या कोपरांना भोकं आहेत गं.

दियानोरा : आण. खांदा उचल त्यांचा. हळू.

नेल्लो : मी धरू का?

दियानोरा : नको. तुम्ही फक्त बघा, सगळं कायद्यात बसतंय ना.

बेर्ता : झालं बाई. आता हात चादरीखाली घेते, म्हणजे—

दियानोरा : थांब. सेर नेल्लो, कायद्यात हातांबद्दल काही आहे?

नेल्लो : हातांबद्दल? नाही. फक्त कपड्यांबद्दल आहे.

दियानोरा : मग हात वरच राहू देत. आणि बाह्या कोपरापर्यंत दुमड, आत्या. हंड्यापाशी जाताना दुमडायचे, तशा.